ठाणे ते बेलापूर: खाडीकाठच्या जुन्या खुणा कुठे कुठे उरल्या आहेत?

पश्चिमवारा

नमस्कार मंडळी. माझं माहेर सातारा. लग्न होऊन नेरूळला आले त्याला अकरा वर्षं झाली. इतकी वर्षं मी हेच धरून चालले होते की इथे जुनं म्हणावं असं काही नाही, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या आधी इथे नुसती खाजणं आणि भातशेती होती. गेल्या महिन्यात सासऱ्यांना घेऊन बेलापूरला गोवर्धनी मातेच्या देवळात गेले. परतताना किल्ल्याच्या बुरुजापाशी थांबलो. तिथे एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, "रस्त्याकडून बघू नका. किल्ल्याचं तोंड पाण्याकडे आहे." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आता आमच्या सोसायटीतले दहा-बारा जण, त्यात चार शाळकरी मुलं, चार रविवार खाडीकाठाने पायी फिरायचं ठरवतोय. ठाण्यापासून बेलापूरपर्यंत. सलग नाही, टप्प्याटप्प्याने. मुलांना दाखवण्यासारखं काय काय आहे? किल्ले, देवळं, बंदरं, जुने पूल, काहीही चालेल. ज्यांचं बालपण या काठावर गेलं त्यांनी जरूर लिहा.

रोजचीलोकल

छान धागा. प्रतिसाद वाचायला येऊन बसलोय.

जुनीपानं

ठाण्यापासून सुरुवात करताय हे योग्यच. या काठावरचं सगळ्यात जुनं नांदतं गाव तेच. शिलाहार राजांचं श्रीस्थानक. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात ठाण्याचं नाव आहे, इथून चामडं आणि सुती कापड बाहेर जायचं, घोडे आत यायचे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले, आणि त्यानंतर थोड्याच काळाने ओडोरिक नावाचा त्यांचाच पंथबंधू इथे उतरून त्यांच्या अस्थी घेऊन पुढे गेला. ज्या गावाच्या बातम्या चौदाव्या शतकात इटलीपर्यंत पोचत होत्या त्या गावाला आपण 'स्टेशनबाहेर फार ट्रॅफिक' एवढ्यावरच ओळखतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिला टप्पा असा करा. कौपिनेश्वराचं देऊळ, मग मासुंदा तळं. देवळाचा जीर्णोद्धार पेशवाईत १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी केला. तिथून टेंभी नाका. बेने इस्रायल मंडळींचं १८७९ सालचं प्रार्थनामंदिर तिथे आहे. हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली'. घरात मराठी बोलणारे. मुलांना हे आवर्जून सांगा.

आणि मग ठाण्याचा किल्ला. आत जाता येणार नाही, कारण तेच आज मध्यवर्ती कारागृह आहे. पण बाहेरून तटबंदी दिसते. पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास बांधायला घेतला आणि तो पुरता उभा राहण्याआधीच १७३७च्या मार्चमध्ये मराठ्यांनी घेतला. अंजूरचे गंगाजी नाईक या मोहिमेसाठी कित्येक वर्षं पेशव्यांकडे खेटे घालत होते. मराठ्यांच्या तुकड्या रात्री कळव्याच्या बाजूने पाण्यातून आल्या. १७७४च्या डिसेंबरात तो इंग्रजांकडे गेला.

याच किल्ल्यातून १८१६ साली पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे निसटले. गंगाधरशास्त्री खूनप्रकरणात त्यांना इथे डांबलं होतं. गोष्ट अशी सांगतात की किल्ल्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्याचा एक मराठी मोतद्दार घोड्याला खरारा करताना गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतून पळून जायचा बेत डेंगळ्यांना कळत होता. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं.

आणि १९ एप्रिल १९१०. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे या तिघांना इथेच फाशी झाली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाचा खटला. मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात दिले नाहीत, ठाण्याच्या खाडीकाठीच जाळले. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. त्या तटाजवळ दोन मिनिटं शांत उभे राहा.

पश्चिमवारा

बापरे. आमचा पहिला रविवार यातच संपेल. मनापासून धन्यवाद!

रोजचीलोकल

एक भर घालतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंतच का आली, हे मुलांना विचारा. पुढे खाडी होती. ती ओलांडून कल्याणपर्यंत गाडी जायला १ मे १८५४ उजाडला. ठाणे सोडून कळव्याकडे जाताना रूळ पाण्यावरून जातात, त्या जागेचं हे महत्त्व. मी गेली एकोणीस वर्षं तिथून जातोय आणि अजूनही त्या एका मिनिटाला फोन खिशात ठेवतो.

चेंदणीकर

जुनीपानं सरांनी सुरेख लिहिलंय. पण सर, तुम्ही ठाणं गावाकडून सांगितलंत. मी पाण्याकडून सांगतो.

मी चेंदणी कोळीवाड्यातला. माझं वय आता अडुसष्ट. आमच्या कोळीवाड्याच्या मधोमध रेल्वे गेली आणि एका वाड्याचे दोन झाले, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. आजही लग्नाचं बोलावणं करायला रूळ ओलांडूनच जावं लागतं. पूर्वेला मीठबंदर रोड आहे. रिक्षावाले दिवसातून शंभरदा ते नाव घेतात. तिथे खरोखरच बंदर होतं आणि मीठ भरलेली गलबतं तिथे लागायची.

आमचे वडील डोल, म्हणजे प्रवाहात बांधायचं मोठं जाळं, लावायचे. आई टोपली घेऊन जांभळी नाक्याच्या बाजारात बसायची. लहानपणी ओहोटीला आम्ही पोरं चिखलात उतरून निवट्या, म्हणजे चिखलात बिळं करणारे छोटे मासे, धरायचो. निवटी हाताने धरायची असते, बिळाला एक तोंड पुढे आणि एक मागे असतं, पुढून हात घातला की मागून पळते, म्हणून दुसऱ्याने मागचं तोंड पायाने दाबायचं. चिंबोऱ्यांना फग, म्हणजे सापळे, लावायचे. जिताडा मिळाला तर तो विकायचा नाही, तो व्याह्याकडे जायचा.

नंतर कारखान्यांचं पाणी आलं. आधी माशाला रॉकेलसारखा वास यायला लागला, बाजारात बायका टोपलीत हात घालून वास घ्यायच्या आणि पुढे जायच्या. आईने कधी कोणाशी भांडण केलं नाही, पण त्या दिवसांत घरी आली की टोपली धूत बसायची, धूत बसायची. मग मासळीच कमी झाली. माझ्या पिढीत आम्ही नोकरीला लागलो. मी गोदीत होतो.

पश्चिमवारा ताई, तुम्ही 'खुणा' विचारल्यात. दगडाच्या खुणा बघाच, पण पाण्याची वेळ बघून या. भरतीला आलात तर तुम्हाला फक्त पाणी दिसेल. ओहोटीला आलात तर खाडी दिसेल.

मीठभाकर

चेंदणीकर काका, टोपलीचं वाचून डोळे भरून आले. माझी आजीही अशीच.

मी करावे गावची, आगरी. लग्न होऊन पनवेलला असते. लोक विचारतात आगरी म्हणजे कोण, तर आगर म्हणजे मिठागर, ते पिकवणारे ते आगरी. आमच्याकडे काही जमिनीत भात, काहीत मीठ. दोन्ही खाडीकडून मागून घेतलेलं. आजी म्हणायची, "बाय, खारीचा बांध म्हंजे घराची भितार, ती परली का चूल इझली."

मिठाचं कसं चालायचं ते लिहिते, कारण आता दाखवायला कोणी उरलं नाही. दिवाळीनंतर बांध दुरुस्त व्हायचे. मग आगराचा तळ पायाने तुडवून तुडवून टणक करायचा, नाहीतर मिठात चिखल येतो. हे तुडवणं बायकांचं आणि पुरुषांचं दोघांचं काम, तासन् तास, ओळीने. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी आत घ्यायचं. पहिल्या मोठ्या कोंडीत ते तापायचं, मग पुढच्या कोंडीत, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक ठिकाणी खारेपणा वाढत जाणार. शेवटच्या लहान वाफ्यात मीठ धरायचं. ते लाकडी फळीने ओढून काठाला लावायचं. उन्हाळाभर हेच. मृगाचा पहिला पाऊस पडायच्या आत रास गवताने शाकारली नाही तर वर्षाची कमाई पाण्यात. पायांना भेगा पडायच्या, त्यात मीठ जायचं. आजीचे पाय म्हातारपणी लाकडासारखे झाले होते.

गावांची नावं नीट ऐकलीत तर सगळा नकाशा त्यातच आहे. खारघर, खारीगाव, खारकोपर, सानपाड्याजवळचं सोनखार. जिथे 'खार' तिथे एकेकाळी बांध घालून खाडीपासून जमीन काढलेली. मुलांना दगड दाखवाल तेव्हा लोकलच्या स्टेशनांच्या पाट्याही वाचायला लावा.

जुनीपानं

मीठभाकर, तुमचा प्रतिसाद मी उतरवून ठेवला आहे. चेंदणीकर, माझी चूक मान्य, पाण्याकडून बघायला हवं होतं.

बांध घालून काढलेल्या या जमिनींना जुन्या कागदांत 'शिलोत्री' म्हणतात. सरकारनेही नंतर १९४८ मध्ये खारभूमीचा स्वतंत्र कायदा केला, म्हणजे ही बाब किती मोठी होती बघा. बांधात भरतीचं पाणी अडवायला आणि पावसाचं सोडायला जी दारं असतात ती उघाडी. पेण-अलिबागकडे आजही हा शब्द चालतो.

बेलापूर किल्ल्याबद्दल. दोन कथा ऐकाल. एक अशी की चिमाजी आप्पांनी किल्ला मिळाला तर महादेवाला बेल वाहीन असा नवस केला आणि म्हणून बेलापूर. ही लोककथा म्हणून सांगा, इतिहास म्हणून नको. पोर्तुगीजांच्या लेखी या ठिकाणाचं नाव शाबाज. आणि शहाबाज गाव आजही किल्ल्याच्या हाकेच्या अंतरावर आहे, नाव तेच. हा किल्ला आधी सिद्दीकडे, मग पोर्तुगीजांकडे, वसईच्या मोहिमेच्या काळात मराठ्यांकडे, आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. पनवेलची खाडी जिथे ठाण्याच्या खाडीला मिळते तिथली येणारी-जाणारी प्रत्येक होडी त्या टेकाडावरून दिसायची. त्या आजोबांनी तुम्हाला एका वाक्यात जे सांगितलं ते हेच.

मुंब्र्याचावारा

सगळ्यांचं वाचलं. छान लिहिताय, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. आपण जुन्या दिवसांना फार गोंजारतो. माझे वडील बेलापूर पट्टीतल्या एका गावातले. त्यांच्या लहानपणी मुंबईला जायचं तर होडी नाहीतर ठाण्याला वळसा. रात्री कोणाला साप चावला तर भरतीची वाट बघायची. माझी आत्या अशीच गेली, बाळंतपणात, काठावर होडीची वाट बघत. १९७३ ला वाशीचा पूल सुरू झाला तेव्हा आजोबा नुसता पूल बघायला चालत गेले होते आणि परत येऊन रडले होते. १९९२ ला वाशीपर्यंत लोकल आली. खाडीकाठची सगळ्यात मोठी खूण मला विचाराल तर तो पूल. त्यालाही वारशात घ्या.

पश्चिमवारा

मुंब्र्याचावारा, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. आत्याबद्दल वाचून वाईट वाटलं. पूल यादीत घेतला.

सातबारा

मुंब्र्याचावारा यांच्याशी अर्धा सहमत. पूल हवाच होता. शहरही हवं होतं. पण ते कोणाच्या जमिनीवर उभं राहिलं हे त्याच वाक्यात आलं पाहिजे.

१७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतली पंचाण्णव गावं. भातखाचर आणि मिठागर दोन्ही गेलं. त्या वेळी एकरी जे पैसे मिळाले त्यात माझ्या काकांनी एक सायकल आणि एका मुलीचं लग्न केलं, बाकी काही उरलं नाही. १९८४च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण भागात शेतकरी रस्त्यावर उतरले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील पुढे होते. गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. जगात कुठेही प्रकल्पग्रस्तांचा विषय निघाला की मी हे अभिमानाने सांगतो. माझे वडील १६ तारखेला तिथे होते. रात्री चिखलातून, खाजणातून चालत घरी आले कारण रस्त्यावर पोलीस होते. खाडीने त्या रात्री माणसं लपवली.

उरण तालुक्याला हे नवीन नव्हतं. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला होता. तिथे स्मारक आहे. तुमच्या वाटेत येत नाही, पण मुलांना एक दिवस जरूर न्या.

आणि २०२१च्या जूनमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून जी मानवी साखळी झाली त्यात मी माझ्या मुलीचा हात धरून उभा होतो. ज्या जागेवर विमानतळ झाला तिथून दहा गावं उठली. कोंबडभुजे, तरघर, वाघिवली, गणेशपुरी ही नावं लिहून ठेवा. गाव उठलं की काही वर्षांत नावही उठतं.

मीठभाकर

सातबारा दादा, कुकशेतचंही लिहा ना. एमआयडीसीसाठी ते गाव उठवून नेरूळला आणलं, पण लोकांनी नाव सोबत आणलं. आज नेरूळमध्ये कुकशेत गाव आहे, पण त्याची मूळ जमीन दुसरीकडेच आहे.

मुंब्र्याचावारा

सातबारा, मान्य. दोन्ही एकाच वाक्यात आलं पाहिजे, बरोबर बोललात.

पाणपक्षी

उशिरा आले, क्षमस्व. धागा वाचून संपवेपर्यंत चहा गार झाला.

दगडांबद्दल जाणकारांनी लिहिलंय, मी पंखांबद्दल लिहिते. ऐरोली ते वाशी पुलादरम्यानच्या खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, साधारण १,६९० हेक्टर. त्यात निम्म्याहून जास्त तिवरांचं, म्हणजे कांदळवनाचं जंगल, बाकी पाणी. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, नोव्हेंबरपासून यायला लागतात, मे-जूनपर्यंत असतात. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथून बोट सुटते. भरतीची वेळ धरूनच सुटते, तेव्हा आधी चौकशी करा.

ते चिखलात काय खातात हे मुलांना दाखवण्यासारखं आहे. मान खाली, चोच उलटी, पाणी गाळून त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव. त्यातूनच त्यांना गुलाबी रंग येतो. लहान पिल्लं राखाडी असतात.

एक व्यथाही सांगते. नेरूळच्या बाजूला एक तळं आहे, भरतीला खाडीत पाणी वाढलं की पक्षी तिथे येऊन उभे राहायचे. शेजारच्या एका बांधकामात पाणी आत यायची वाट बुजली. आम्ही काही जण सकाळी जाऊन बघायचो, पाणी दिवसेंदिवस हिरवं होत गेलं, मग पक्षी येईनासे झाले. एका सकाळी मला तिथे एक मेलेला रोहित सापडला. त्याचे पाय किती लांब असतात ते तेव्हा कळलं. ती वाट मोकळी व्हावी म्हणून पत्रं लिहून लिहून आमची एक फाइल झाली आहे.

पूर्वकिनारा

पाणपक्षी, तुमचं वाचून चिलिकाची आठवण झाली. अवांतर होईल, पण लिहितो. मी आठ वर्षं ओडिशात नोकरीला होतो. चिलिका हे खारं सरोवर, समुद्रापासून वाळूच्या लांब पट्टीने तुटलेलं. त्याचं समुद्राकडचं तोंड गाळाने सरकत आणि बुजत गेलं, पाणी गोडं व्हायला लागलं, पाणवनस्पती माजली, मासळी घटली. २००० साली वाळूची पट्टी कापून नवीन तोंड काढलं. मासळी परतली, कोळंबी परतली. तिथल्या मासेमाराने मला सांगितलं होतं की सरोवर म्हणजे फुप्फुस, नाक दाबलं की गेलं.

आपली खाडी वेगळी आहे. हा समुद्राचा जमिनीत शिरलेला हात. वर घोडबंदरच्या अंगाला उल्हासशी एका अरुंद पट्ट्याने जोडलेली, म्हणूनच साष्टी, म्हणजे मुंबई उपनगरं आणि ठाणं ज्यावर आहे ते, हे बेट. पण नाकाचा नियम दोन्हीकडे सारखाच. तुमच्या तळ्याची वाट मोकळी करून मागणं अगदी रास्त आहे.

चेंदणीकर

पूर्वकिनारा, त्या मासेमाराला माझा नमस्कार सांगा. आमच्याकडेही हेच म्हणतात, पाण्याला येऊ द्या आणि जाऊ द्या.

रोजचीलोकल

साष्टी म्हणजे सहासष्ट गावं, हे मला शाळेत एका बाईंनी सांगितलं होतं. आज इतक्या वर्षांनी उपयोगाला आलं. :)

जुनीपानं

रोजचीलोकल, बाईंनी बरोबर सांगितलं.

दिघ्याला इलठण पाड्याजवळ रेल्वेचं ब्रिटिशकालीन धरण आहे, तेही यादीत टाका. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, खाडीचं खारं पाणी बॉयलरला चालत नाही, म्हणून डोंगराच्या कुशीत गोडं पाणी अडवलं. आणि खाडीच्या तोंडाशी घारापुरी. १९८७ पासून जागतिक वारसा, पण बेटावर वीज पोचली २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती भायखळ्याला जिजामाता उद्यानात आहे. हे बहुतेक मुंबईकरांना माहीत नसतं.

मीठभाकर

ताई, एक विनंती. तिवरांत मुलांना फांद्या तोडू देऊ नका. चिखलातून वर आलेली टोकं म्हणजे त्यांची श्वासमुळं, त्यावर पाय देऊ नका. आणि पांढरी चिपी दिसली तर दाखवा, २०२० पासून ती महाराष्ट्राची राज्य कांदळवृक्ष आहे. हिचं फूल रात्री उमलतं. आमच्या आजीच्या काळी ती नुसती सरपणाची होती.

पश्चिमवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. टप्पे असे ठरवले आहेत. पहिला रविवार ठाणे: कौपिनेश्वर, मासुंदा, टेंभी नाका, किल्ल्याचा तट, मीठबंदर. दुसरा ऐरोलीचं केंद्र आणि बोट. तिसरा सारसोळे जेट्टीपासून करावे गावापर्यंत, तिवरांच्या कडेने. चौथा बेलापूर: शहाबाज, किल्ला, गोवर्धनी, दिवाळे कोळीवाडा. वाशीचा पूल जाता-येता. उरण आणि चिरनेर उन्हाळ्याच्या सुट्टीत वेगळे.

ओहोटी कधी असते हे कसं कळतं? मोबाइलवर बघू शकते, पण मुलांना शिकवायचंय.

चेंदणीकर

सोपं आहे. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहाला. सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. ठाणं खाडीच्या आतल्या टोकाला, इथे थोडी उशिरा होते. पुनव-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही. दिनदर्शिका भिंतीवर असली की झालं.

पश्चिमवारा

या रविवारी वद्य पंचमी आहे. म्हणजे पावणेचारला भरती, दहाच्या सुमारास ओहोटी. मुलांनी स्वतः हिशेब केला! आठला कौपिनेश्वरापाशी जमतोय.

पश्चिमवारा (सोमवार)

पहिला रविवार झाला. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

किल्ल्याच्या तटापाशी आम्ही थांबलो. मुलं दंगा करत होती, पण कान्हेऱ्यांचं वय सांगितलं तशी गप्प झाली. आमच्यातला सगळ्यात मोठा मुलगा सोळा वर्षांचा आहे. तो बराच वेळ तटाकडे बघत होता.

मीठबंदरला सव्वादहाला पोचलो. पाणी दूर गेलेलं, नुसता चिखल चमकत होता. चेंदणीकर काका स्वतः आले होते, माहीत नसताना! त्यांनी मुलांना निवटीची बिळं दाखवली. पुढचं तोंड, मागचं तोंड. एका मुलीने हात घातला, दुसरीने मागे पाय दाबला, आणि निवटी तरीही सुटली. काका म्हणाले, पहिल्या दिवशी कोणालाच सापडत नाही.

मग त्यांनी एक जागा दाखवली. काठावर वेड्यावाकड्या दगडांची एक ओळ, अर्धी चिखलात. आम्ही त्यावरूनच चालत आलो होतो. इथे गलबतं टेकायची, म्हणाले. त्यातल्या एका दगडाला दोरखंडाने खोल खाच पडलेली होती. सासऱ्यांनी त्या खाचेत बोट घालून बघितलं. पूर्ण बोट आत गेलं.

जुनीपानं

त्या दगडाचा फोटो आहे का? आणि मीही पुढच्या रविवारी आलो तर चालेल का?

सातबारा

मी मुलीला घेऊन येतो.

मीठभाकर

मीही. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणते, किती माणसं आहेत तेवढं कळवा.

चेंदणीकर

ताई, ऐरोलीची बोट एक रविवार पुढे ढकला. पुढच्या रविवारी द्वादशी, नवाला भरती आहे. माझ्या पुतण्याची होडी आहे. अभयारण्यात आम्हाला माणसं फिरवता येत नाहीत, पण कळव्याच्या पुलांखालून नेऊन आणतो. रेल्वेचे रूळ खालून कसे दिसतात ते मुलांनी बघावं. एका वेळी आठ जण, तीन फेऱ्या करू. लहानांना अंगावर घालायचे फुगे मी आणतो. साडेआठला मीठबंदरला या, उशीर करू नका, अकरानंतर पाणी खाली जातं.